ढगावरच्या शाळेत ॲडमिशन

लातुरातल्या ज्या निवासी विद्यालयाच्या ॲडमिशनसाठी आमच्या दारात रांग लागली, ते विद्यालय अस्तित्वातच नव्हतं. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण ते मीच काढलं होतं. आणि तेही जमिनीवर नाही, ढगावर!

मी शाळेत मराठी शिकवायचो. त्या वर्षांत लातुरात मराठीचा मास्तर असणं म्हणजे काय, ते बाहेरगावच्या माणसाला समजायचं नाही. फिजिक्सचे सर रस्त्यानं निघाले की पालक स्कूटर थांबवून, खाली उतरून नमस्कार करायचे. केमिस्ट्रीच्या सरांना भाजीवाली कोथिंबीर वरून द्यायची. माझ्याकडून मात्र कढीपत्त्याचेसुद्धा पैसे घ्यायची आणि वर विचारायची, "सर, तुमचा विषय घेतलाच पाहिजे असं हाय का हो?" माझा दरारा म्हणाल तर एकाच बाबतीत होता. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. (बुटाच्या नाडीत गुंडाळलेली चिठ्ठीसुद्धा मी पकडली आहे. पोराचे बूट काढताना मला काय सोसावं लागलं, ते जाऊ द्या.)

सगळ्या शहराला क्लासचं वेड लागलं होतं. ज्याच्याकडं दोन खोल्या होत्या, त्यानं एकीत बाहेरगावची पोरं भाड्यानं ठेवली. ज्याच्याकडं एकच होती, तो स्वतः बायकोसकट गच्चीवर गेला आणि खोली पोरांना दिली. डाळ मिलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, "पोरगं कोणत्या बॅचला हाय?" तब्येत कशी आहे, हे नंतर विचारायचे.

आमची पल्लवी तेव्हा सातवीत होती. एका नामांकित क्लासनं हुशार मुलांसाठी वेगळी बॅच काढली आणि तिच्यासाठी निवड परीक्षा ठेवली. गल्लीतली सगळी मुलं बसली, म्हणून आम्हीही पल्लवीला बसवलं. गल्लीतली निम्मी मुलं लागली. पल्लवी लागली नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. उशी घेतली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली.

हे शेड भूकंपाच्या वर्षातलं. ज्यांची माणसं गेली, गावं गेली, त्यांच्या दुःखापुढं आमचं काहीच नव्हतं. पण भीती मात्र आमच्याही घरात मुक्कामाला आली होती. तेव्हा पल्लवी पहिलीत होती. कित्येक महिने स्लॅबखाली झोपायला तयारच नव्हती. शेवटी अंगणात चार पत्रे ठोकले आणि सगळे तिथं झोपू लागलो. पुढं आम्ही घरात परतलो, शेड राहिलं. कशाचीही भीती वाटली की पल्लवी तिथं जायची. दुसरी आठवण म्हणजे कपाटावरचा मनोरा, तोही आम्ही कधी उतरवला नाही. पालथा तांब्या, त्यावर ग्लास, त्यावर ग्लास, त्यावर ग्लास, शेंड्याला वाटी. जमीन हलली की मनोरा कोसळणार, आवाज होणार आणि आपण बाहेर पळणार! गल्लीतल्या प्रत्येक घरात असा एकेक मनोरा होता. (ट्रक गेला तरी पडायचा. आम्ही तरीही पळायचो.)

"पल्लू, चल बाळा, जेवायला."

"मी ढ आहे. मला इथंच राहू द्या."

सुनंदा, म्हणजे माझी बायको, ताट शेडमध्ये न्यायची. ते अर्धं परत यायचं. दिवसभर घर डोक्यावर घेणारी माझी पोरगी गप्प झाली, तसा मीच आतून घाबरलो. सुनंदा म्हणाली, "अहो, जन्मभर पोरांना शिकवलंत ना? मग हिला बोलतं करा की!" मराठीच्या मास्तराला दुसरं येतं काय? मी गोष्ट सांगायला बसलो.

पल्लवीला जादूच्या शाळांच्या गोष्टी म्हणजे जीव की प्राण. वसतिगृहात राहणारी, उडणारी, गायब होणारी पोरं! वाचनालयातली तसली सगळी पुस्तकं तिनं संपवली होती. म्हटलं, आपली स्वतःची शाळा काढू, चांगली लातूरची. नाव ठेवलं मेघगिरी निवासी विद्यालय. लातूरवर ढग येतात आणि न बरसता जातात, ते जातात कुठं? तर शाळेला जातात! एका मोठ्या ढगावर ही शाळा भरते. तिला स्लॅब नाही, पत्रे नाहीत, छप्परच नाही. (इथं पल्लवीनं पहिल्यांदा मान वर केली.) तिथं तरंगणं, गायब होणं आणि शेळ्यांशी बोलणं हे विषय असतात. मुख्याध्यापिका घारूबाई अर्ध्या घारीसारख्या दिसतात आणि उडत उडत राउंड घेतात. ज्यांच्या अंगात खास गुण आहे, अशाच मुलांना तिथं प्रवेश मिळतो.

दुसऱ्या संध्याकाळी शेडमध्ये पल्लवीसोबत तिच्या दोन मैत्रिणी होत्या. आठवडा होत आला तोवर शेडात गल्लीतली सगळी पोरं मावेनाशी झाली. मीही चेकाळलो! घारूबाईंचा आवाज काय काढला, शेळीची भाषा काय बोललो, विचारू नका. गोष्टीत चिमी नावाची एक मुलगी होती. तिला काहीच येत नाही, निदान तिला तसं वाटतं. ती मेघगिरीच्या दारात येऊन उभी राहते आणि घारूबाई विचारतात, "तुझा गुण कोणता?"

इथंच माझी गाडी रुतली. चिमीचा गुण कोणता, ते मलाच सुचेना! रोज मी शाळेचं जेवण, ढगाच्या गाद्या, वीज पडली तर शाळेला मिळणारी सुट्टी, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेत होतो. पल्लवी रोज एकच विचारायची, "पप्पा, चिमीला घेतलं का?" तिचं विचारणं गोष्टीपुरतं नव्हतं, हे समजत होतं. उत्तर चुकलं तर पोरगी शेडमधून बाहेर येणार नाही, हेही समजत होतं. म्हणून मी घाबरून चिमीला दारातच उभी ठेवली होती.

इकडं पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? सगळंच सांगितलं. ढग, घारूबाई, शेळ्या, सगळं. पण पालकांचे कान वेगळे. त्यांना ऐकू आलं ते एवढंच: नवीन निवासी विद्यालय. खास मुलांनाच घेतात. सरांच्या हातात आहे!

सगळ्यात आधी आले बिराजदार शेठ. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे, स्वतःची डाळ मिल होती. भल्या सकाळी मी दात घासत असताना फाटकात उभे.

"सर, लई छुपे निघालात तुमी! आमच्या नंदूचं काय ते बगा की."

तोंडातला फेस कसाबसा थुंकून मी म्हणालो, "शेठ, कसलं काय? ती शाळा खरी नाही. पोरीसाठी रचलेली गोष्ट आहे."

शेठनी डोळा मारला. "बराबर हाय. जागा कमी असल्या की असंच सांगावं लागतंय."

"अहो, ती शाळा ढगावर आहे!"

"म्हंजे गावाबाहेर. बेस झालं. टॉकीज न्हाई, मैदान न्हाई, पोरगं झक मारून अभ्यास करंल."

"तिला छप्पर नाही!"

"मंग भूकंपाची फिकरच मिटली की! बाकीच्या हॉस्टेलवाल्यांना ही अक्कल कशी आली न्हाई बगा."

"शेठ, तिथं मुलांना गायब व्हायला शिकवतात!"

"त्ये आमच्याला येतंय. अभ्यासाला बस म्हणलं की गायब."

मी हात जोडले. त्यांनी त्याचा अर्थ, काम होईल, असा घेतला आणि खूश होऊन गेले.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. मी जितकं नाही म्हणेन तितका भाव वाढायला लागला! स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांनी उठून मला खुर्ची दिली. भाजीवालीनं पिशवीत कोथिंबीर टाकली आणि हळूच म्हणाली, "नातीचं तेवढं बगा, सर." आता खरं सांगायचं तर, ती कोथिंबीर मी परत केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती!

आगीत तेल ओतलं ते भास्करनं. भास्कर म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, मूळचा जळकोटचा, लातुरात ऑटो चालवायचा. त्याच्या ऑटोत दिवसभर क्लासची पोरं आणि त्यांचे पालक. कुणीतरी मेघगिरीचं नाव काढलं आणि यानं आरशात बघत सांगून टाकलं, "मेघगिरी? आमचे दाजीच बघतात की ते!"

"अरे, तुला माहिती आहे ना ही गोष्ट आहे म्हणून?" मी डोकं धरून विचारलं.

"दाजी, लोकं इज्जतीनं बोलायलेत माझ्यासंग. कालपासून कुणी भाड्यावरून भांडंना झालंय. मी कशाला न्हाई म्हणू?"

त्याला तरी काय बोलणार? माझ्याही घरात कोथिंबीर होती.

रविवारी सकाळी दार उघडलं आणि मी परत लावून घेतलं. बाहेर अख्खी गल्ली! मार्कशीटच्या फायली, तेल लावून भांग पाडलेली पोरं, ठेवणीतल्या साड्या. दारावर थापा पडायला लागल्या. सुनंदा म्हणाली, "अहो, असं दार लावून बसतात का? लोक काय म्हणतील? घ्या की आत." आणि तिनं दार उघडलं. आमची बैठकीची खोली मुळात तीन खुर्च्यांची. तिच्यात तीस-पस्तीस माणसं कोंबून बसली. तेवढ्यात भास्करचा ऑटो थांबला. त्यातून एक गृहस्थ उतरले, त्यांची मुलगी उतरली, एक पत्र्याची ट्रंक उतरली आणि शेवटी सुतळीनं बांधलेली गादी उतरली.

"जय भीम, सर. भोकरहून आलो, नांदेडच्या पलीकडून. ही आमची राणी. स्टँडवर या भाऊंना विचारलं, सगळ्यात भारी निवासी कोणतं, तर त्यांनी थेट तुमच्याकडंच आणलं."

"जय भीम," मी म्हणालो आणि भास्करकडं असं बघितलं की तो ऑटोचं चाक तपासायला खाली वाकला.

मग मात्र मला खरंच घाम फुटला. गल्लीतल्या लोकांचं ठीक, ते आपापल्या घरी जातील. पण हा माणूस गादी घेऊन आला होता! म्हटलं, आता एकदाच काय ते ठणकावून सांगायचं. मी कपाटाजवळच्या स्टुलावर चढलो.

"ऐका! मेघगिरी नावाची शाळा नाही! कधी नव्हती! ती माझ्या डोक्यात आहे!"

"तिथं तरी जागा हाय ना?" मागून आवाज आला.

"नाही!" मी दोन्ही हात जोरात पसरले.

उजवा हात कपाटावरच्या मनोऱ्याला लागला.

तांब्या, ग्लास, ग्लास, ग्लास, वाटी! फरशीवर जो खणखणाट झाला, त्याचा लातुरात त्या काळी एकच अर्थ होता. मग बिराजदार शेठ सगळ्यात मोठ्यांदा ओरडले, "भूकंप! पळा!" आणि एवढी माणसं एका दारातून एकदम बाहेर पडली. कशी मावली, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाची चप्पल, कुणाची फाईल, कुणाचं पोरगं दुसऱ्याच्याच काखेत. भोकरचे पाहुणे तशातही ट्रंक विसरले नाहीत. आमचा आवाज ऐकून शेजारच्या घरातली माणसं निघाली, त्यांना बघून समोरची निघाली. मी स्टुलावरून उडी मारली आणि पाय लचकवून लंगडत सगळ्यांच्या मागून अंगणात पोचलो. भूकंप मीच केला होता, तरी मीही पळत होतो!

अंगणाच्या मधोमध शेडच्या दारात पल्लवी उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. समोर सगळी गल्ली धापा टाकत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"भूकंप," शेठ म्हणाले.

"ग्लास पडले," सुनंदा म्हणाली.

"ॲडमिशन," भोकरच्या पाहुण्यांनी सांगितलं.

पल्लवीनं आळीपाळीनं सगळ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आणि काय झालं कुणास ठाऊक, पोरगी पाण्याच्या रिकाम्या पिंपावर चढली!

"मेघगिरीला कुणाकुणाला यायचंय? बसा खाली. निवड परीक्षा मी घेणार."

बसले हो सगळे! लातुरात परीक्षा म्हटल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही, आधी बसतो. काहींनी तर सवयीनं एकमेकांत अंतरसुद्धा सोडलं.

"एकच प्रश्न आहे. तुम्हाला असं काय येतं, जे तुम्हाला कधी कुणी विचारलंच नाही?"

पहिला उठला शेठचा नंदू. "मला वासावरून सांगता येतं, कुणाच्या डब्यात काय हाय ते. बंद डब्यात."

"तरीच मार्क न्हाईत!" शेठ कडाडले.

"शेठकाका, परीक्षा चालू असताना बोलायचं नाही. पुन्हा बोललात तर ढगावरून खाली!"

ज्यांच्या मिलमध्ये पन्नास माणसं त्यांचा शब्द झेलायची, ते शेठ ओठावर बोट ठेवून बसले. मग पोरं थांबेनात! एकाला उभ्या उभ्या झोपता यायचं. (ते मला माहीत होतं, तो माझ्याच वर्गात होता.) एकीला दोन्ही हातांनी एकदम दोन रांगोळ्या काढता यायच्या. भोकरची राणी कितीतरी वेळ ट्रंकेमागं तोंड लपवून बसली होती, ती पुटपुटली, "मला हात सोडून सायकल चालवता येती."

"कधी शिकलीस? सायकल कोणाची?" तिचे वडील चमकले.

"तुमचीच."

अंगण हसायला लागलं, राणीचे वडील हसले, राणी हसली. पल्लवी जाहीर करत होती, "पास! पास! पुढचं कोण? आता पालक!"

पालकांची तंतरली. पण बाजूला बसलेली आपलीच पोरं ढोसायला लागली. शेवटी बिराजदार शेठ धोतर सावरत उठले, लाजले, इकडंतिकडं बघितलं आणि नाक चिमटीत धरलं. "अहमदपूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटत आहे. प्रवाशांनी जागेवर बसून घ्यावे!" हुबेहूब स्टँडवरचा पुकारा! भोकरचे पाहुणे ताडकन उठून ट्रंक उचलायला लागले, त्यांना सुनंदानं हाताला धरून बसवलं. लोकांनी हसून हसून पोटं धरली. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "पन्नाशी झाली, मला कुणी विचारलंच न्हवतं."

"पास," पल्लवी म्हणाली.

"मंग शाळा सुरू कदी होती?"

"सुरू झाली की! वर बघा. छप्पर आहे का?"

सगळ्या माना वर. लातूरचं आभाळ, त्यात एकच पांढरा ढग, नेहमीसारखा न बरसता चाललेला. शेठनी टोपी काढून हातात घेतली. मग भोकरच्या पाहुण्यांनी अदबीनं विचारलं, "सर, मग गादी कुठं टाकू?"

(गादी शेडमध्ये टाकली. बाप-लेक आमच्याकडं जेवले, दोन दिवस राहिले. राणीनं गल्लीतल्या सगळ्यांना हात सोडून सायकल शिकवली आणि ट्रंकेसकट ती हसत परत गेली.)

पण परीक्षा संपली नव्हती. पल्लवी पिंपावरून खाली उतरायच्या आधी माझ्याकडं वळली. "पप्पा, तुम्ही राहिलात. तुम्हाला काय येतं?"

"मला? मला गोष्ट सांगता येते."

"चिमी तर आठवडाभर दारातच उभी आहे!"

"हाव सर, चिमीचं काय झालं?" पोरांनी गलका केला.

आणि त्या क्षणी मला सुचलं! लचकलेला पाय विसरून मी उठलो, घारूबाईंचे पंख पसरले. "घारूबाई विचारतात, तुझा गुण कोणता? चिमी घाबरते. मग हळूच म्हणते, बाई, आधी तुम्ही सांगा. तुम्हाला असं काय येतं, जे तुम्हाला कधी कुणी विचारलंच नाही? घारूबाईंचे डोळे भरून येतात. शंभर वर्षांत त्यांना हे कुणी विचारलेलं नसतं. त्या दार सताड उघडतात आणि म्हणतात, पोरी, हाच तुझा गुण! ये आत!"

टाळ्या पडल्या. माझा आवाज शेवटी कापला, कारण मी चिमीबद्दल बोलतच नव्हतो. पल्लवीला ते कळलं होतं. ती कानापर्यंत लाल झाली, हसली, आणि "आई, भूक लागली," असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडली. सुनंदा पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघराकडं पळाली. मला इतका आनंद झाला की मी पल्लवीला विचारलं, "मग? मी पास ना?"

तिनं कमरेवर हात ठेवले. "नाही. हा शेवट तुम्ही माझ्यावरून उतरवलाय. सगळ्यांनी बघितलंय."

गल्लीनं माना डोलावल्या. शेठनी तर साक्षही दिली.

इतकी वर्षं झाली. बुटाच्या नाडीतली चिठ्ठी पकडणारा पर्यवेक्षक म्हणून मी निवृत्त झालो, निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी तेच सांगून माझं कौतुक केलं. मी खाली बघत बसलो होतो. मेघगिरीत डबे हुंगणाऱ्याला प्रवेश मिळाला, उभ्यानं झोपणाऱ्याला मिळाला, एसटी पुकारणाऱ्यालाही मिळाला. कॉपी करताना पकडला गेला तो फक्त शाळेचा संस्थापक, आणि तोही मराठीच्या पेपरात!